लिहून कळवलंय

लेखकराव भित्रे होते, आणि हे त्यांनी स्वतःच इतक्या वेळा जाहीर केलं होतं की आता लोक त्याचंच कौतुक करायचे. दरवर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये ते नव्या लेखकांची कार्यशाळा घ्यायचे. पाण्याचा पेला उगाच डावीकडून उजवीकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "भीती वाटली की पळू नका. तिला समोर बसवा, बोलती करा आणि लिहून घ्या. मी जन्मभर तेवढंच केलंय." पोरंपोरी भराभर वहीत उतरवून घ्यायची. मागच्या रांगेत एखादी डोळे पुसायची. पण इतक्या वर्षांत एकानेही हात वर करून विचारलं नाही, की सर, तुमची भीती लिहून झाली हे ठीक, पण ती ज्या माणसाबद्दल वाटली त्या माणसाचं पुढे काय केलंत?

त्यांची एक रीत होती. भीती आहे तशी कागदावर उतरवायची नाही, तिच्यातली एक गोष्ट बदलायची. लेक सहा वर्षांची असताना बाजारात दोन तास हरवली. लेखकराव एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसले ते बसलेच. बायकोने एकटीने सगळा बाजार पालथा घातला आणि पोरीला भांड्यांच्या दुकानातून शोधून आणलं. हे गृहस्थ घरी येऊन तडक टेबलाशी बसले, आणि कुत्रा हरवल्याची कथा झाली. ऑफिसात माणसं कमी करायला लागले तेव्हा गळक्या छपराची कथा झाली. एकदा स्वतःच्या छातीत कळ आली, तर घड्याळ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यावर अख्खी कादंबरी झाली, आणि तिला बक्षीस मिळालं. छातीत काही नव्हतं, गॅस धरला होता.

हे गुपित घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे दोघींना. त्यातली एक बायको. तिने एकतीस वर्षं बस स्टँडवर माइकसमोर काढली. कुठली गाडी कुठे लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीशी रडतंय, हे सगळं गाव तिच्या तोंडून ऐकायचं. निवृत्त झाल्यावरही ती दुकानात "अर्धा किलो द्या" म्हणाली की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायचं आणि विचारायचं, "अहो, तुम्ही स्टँडवरच्या माइकबाई ना?" मग ती खुशीत येऊन तिथल्या तिथे दोन गाड्यांची घोषणा करून दाखवायची. लेखकरावांची पुस्तकं त्या दुकानात कुणी वाचलेली नव्हती.

दुसरी लेक. घरात तिला खारू म्हणायचे, कारण लहानपणी ती एका जागी बसत नसे. आता ती छत्तीस वर्षांची होती, समुद्रापलीकडे एकटी राहायची आणि उंच इमारतींच्या लिफ्ट तपासायची. दोष काढायचे आणि लिहून द्यायचे, हीच नोकरी. वडिलांच्या लेखनाची पहिली वाचक तीच. पंधराव्या वर्षापासून हा शिरस्ता होता. लेखकराव हाताने लिहिलेली पानं तिला द्यायचे, ती पेन्सिलीने समासात लिहायची, "हे खोटं वाटतं," "हा माणूस रडका आहे," "इथे मला झोप आली." ती परदेशी गेल्यावर पानं कुरिअरने जायला लागली आणि खुणा होऊन परत यायला लागली. ईमेल करा म्हटलं तर लेखकरावांना राग यायचा.

तर त्या वर्षी माइकबाईंचा आवाज बसला. आधी सर्दी म्हटलं, मग धूळ म्हटलं, गुळण्या झाल्या, वाफारे झाले. तीन महिने झाले तरी आवाज फाटलेलाच. शेवटी एका सोमवारी दोघं मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांच्या टेबलावर घशाचा प्लास्टिकचा नमुना होता. त्याचे दोन भाग उघडून त्यांनी पेनच्या टोकाने एक जागा दाखवली.

"स्वरयंत्र काढावं लागेल," ते म्हणाले. "जीव वाचेल. आवाज जाईल."

"अजिबातच?" बायकोने विचारलं.

"नंतर उपकरण लावून थोडंफार बोलता येतं काही जणांना. पण हा आवाज नाही. तीन आठवड्यांनी, मंगळवारची तारीख देतो. तोवर घशाला ताण नको. मोजकं बोला."

लेखकरावांनी तो प्लास्टिकचा घसा हातात घेतला आणि बंद करत बसले. तो नीट बंद होईना. बायकोने तो काढून घेतला, खटकन बसवला आणि टेबलावर ठेवला.

घरी येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "खारूला तुम्ही सांगा. मला फोनवर नाही जमणार, मी रडेन आणि आहे तो घसाही जाईल. तिला म्हणावं, ऑपरेशनच्या आधी ये. चार दिवस ये, पण ये. मला तिच्याशी बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

"आहेत काही गोष्टी. नीट बसून सांगायच्या आहेत, माझ्या तोंडाने."

"मला सांग ना."

"तुमच्यासाठी नाहीत त्या," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिने आवाज साठवायला सुरुवात केली. चहा हवा का विचारलं तर मान हलवायची. शेजारीण दारात आली की हसून हात जोडायची. नवऱ्याशी दिवसाला दहा-बारा शब्द. बाकीचे सगळे लेकीसाठी राखून ठेवले होते.

लेखकरावांनी त्याच संध्याकाळी फोन हातात घेतला. नंबर लावला, एक घंटा वाजली, कापला. परत लावला, परत कापला. तिसऱ्यांदा खारूनेच उलट फोन केला. "बाबा, काय झालं?" "काही नाही गं, चुकून लागला," लेखकराव म्हणाले. आता या माणसाला काय म्हणावं! पोरगी समोरून विचारतेय, आणि हा म्हणतोय चुकून लागला.

मग ते टेबलाशी जाऊन बसले. गुरुवारपर्यंत उठले नाहीत. कथा अशी, की कपडे शिवणारी एक बाई आहे, तिची नजर जाणार आहे, आणि तिला एकदा लेकीचा चेहरा डोळे भरून बघायचाय, पण हे दूर राहणाऱ्या लेकीला कळवायचं धाडस बापाला होत नाही. घशाचे डोळे केले, म्हणजे रीतीप्रमाणे एक गोष्ट बदलली. चांगली झाली हो कथा, खोटं कशाला बोला! सुईत दोरा ओवायचा एक प्रसंग होता, तो लिहिताना ते स्वतःच हमसून रडले. रडल्यावर त्यांना बरं वाटलं. भीती निम्मी झाली. निम्मी झाली ती त्यांची एकट्याची, बायकोची होती तेवढीच होती, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी पानं पाकिटात घातली आणि कुरिअरच्या दुकानात नेऊन दिली.

बायकोने विचारलं, "कळवलं?"

"हो. लिहून कळवलंय. सविस्तर."

"लिहून? फोन का नाही केलात?"

"फोनवर धसका घेईल ती. लिहिलेलं नीट पोचतं. चार दिवसांत मिळेल."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. पत्र पाठवलं असेल असं तिला वाटलं, आणि का वाटू नये? आई आजारी आहे हे लेकीला कळवायला कुणी कथा पाठवील, हे चाळीस वर्षं त्यांच्याशी संसार करूनही तिच्या डोक्यात आलं नाही.

खारूचा फोन दर रविवारी यायचा. पहिल्या रविवारी फोन वाजला तसं बायकोने हातानेच खूण केली, तुम्ही घ्या. पत्र पोचायच्या आत आपल्या तोंडून निघून जाईल, याची तिला भीती. लेखकरावांनी घेतला.

"आई कुठेय?"

"आंघोळीला गेलीय."

आणि आई समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग बापलेक दहा मिनिटं हवेबद्दल बोलले.

दुसऱ्या रविवारपर्यंत पाकीट पोचलेलं होतं. बायकोने सकाळपासून कुणाशी चकार शब्द काढला नाही. कोमट पाणी प्यायली, केस विंचरले, फोन मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. फोन आला. लेखकराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"आई, घसा बसलाय का गं तुझा?" खारूने विचारलं. आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"हो, बसलाय," बायको म्हणाली, आणि थांबली. आता विचारेल, आता रडेल, आता म्हणेल मी निघते.

"हळदीचं दूध घे. बरं, ऐक, बाबांचं पाकीट मिळालं. वाचलं मी. मला खरं सांग, बाबांच्या डोळ्यांना काही झालंय का? त्यांना म्हणावं उगाच घाबरू नका, डोळे तपासून घ्या. हल्ली या गोष्टी दहा मिनिटांत होतात."

बायकोने फोन कानापासून जरा लांब धरला. "त्यांना काय धाड भरलीय," ती म्हणाली. मग चार वाक्यं इकडची तिकडची झाली आणि फोन संपला.

"तुमच्या डोळ्यांची चौकशी करत होती," ती नवऱ्याला म्हणाली. "पत्र मिळालं म्हणाली. वाचलं म्हणाली. माझ्या घशाला हळदीचं दूध सांगितलंय." आणि मग, हे बोलायला तिने बरेच शब्द खर्च केले, "तुमचीच पोर ती. घाबरली की तोंड फिरवायचं."

इथे लेखकरावांना कळलं. कळायलाच हवं होतं, आणि लख्ख कळलं. बापाची रीत पोरीला पाठ होती. एक गोष्ट बदललीय हे तिने बरोबर ओळखलं, फक्त कुठली ते चुकलं. बाईच्या जागी तिने बाप घातला. बापाची नजर अधू झाली असेल, म्हणून त्याने घाबरून कथा लिहिली असेल. आजवर दर वेळी तो स्वतःसाठीच तर घाबरला होता, मग पोरीने तरी दुसरं काय समजायचं? फोन अजून बायकोच्या मांडीवर होता. हात पुढे करायचा, नंबर लावायचा, "खारू, आईला कॅन्सर झालाय, ये," एवढं म्हणायचं. आठ दिवस हातात होते.

लेखकराव म्हणाले, "मी पुन्हा लिहितो तिला. जरा स्पष्ट."

कथेच्या समासात खारूने पेन्सिलीने काय लिहिलंय ते त्यांनी फोटो मागवून वाचलं होतं. नवव्या पानावर होतं, "हा बाप मुलीला एक फोन का करत नाही? वाचक विचारेल." हे वाचून माणसाने कपाळावर हात मारून घ्यावा आणि फोन करावा. लेखकरावांनी कथा दुरुस्त केली. दोन दिवस बसून त्यांनी कथेत फोन घातला. कथेतला बाप फोन करतो, थरथरत सगळं सांगतो, मग आईच्या हातात फोन देतो, आणि आई लेकीशी दीड पान बोलते. सुरेख बोलते. सुई, दोरा, उजेड, सगळं तिच्या बोलण्यात येतं. मंगळवारी दुसरं पाकीट गेलं. पाकिटावर कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, "नीट वाच."

बायकोला सांगितलं, "पुन्हा लिहिलंय. या वेळी सगळं आहे त्यात." दवाखान्यात न्यायच्या पिशवीत ती टॉवेल भरत होती.

तिसरा रविवार. सोमवारी तिला भरती व्हायचं होतं आणि मंगळवारी ऑपरेशन. फोन जरा उशिरा आला. मागे यंत्रांचा खडखडाट होता.

"आई, मी साइटवर आहे गं, रविवारचंही काम लागलंय. कशी आहेस? घसा अजून तसाच?"

"तसाच," बायको म्हणाली. तिने जवळजवळ तीन आठवडे जपून ठेवलेला आवाज होता तो. फाटका होता, पण तिचाच होता. "बाबांनी पुन्हा लिहिलंय तुला."

"हो, काल आलंय दुसरं पाकीट. उघडलंही नाही अजून, इतका रगाडा आहे ना कामाचा. या आठवड्यात निवांत वाचते, चालेल ना?"

बायकोने डोळे मिटले. लेखकराव दोन पावलं पुढे आले. त्यांनी हातसुद्धा पुढे केला, "थांब, मी बोलतो," असं काहीसं पुटपुटले.

"वाच गं," बायको म्हणाली. "निवांत वाच." आणि तिने फोन ठेवला.

लेकीच्या कानावर पडलेले आईच्या आवाजातले शेवटचे शब्द ते. लेखकरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुसरं काहीच केलं नाही. सोमवार होता, मंगळवारची सकाळ होती, फोन खिशात होता. मंगळवारी ट्रॉलीवरून नेताना बायकोने त्यांची बाही धरून खाली ओढलं आणि सांगितलं, "मी वाट बघत होते हे तिला कळू देऊ नका. मनाला लावून घेईल." ऑपरेशन पाच तास चाललं, व्यवस्थित झालं, जीव वाचला.

शनिवारी कुरिअर आलं. लेखकरावांनी ते हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, बाकावर बसून उघडलं. फोनच्या प्रसंगापाशी समासात खारूचं बारीक अक्षर होतं, "हा फोन मस्त झालाय. आता बाप खरा वाटतो."

रविवारी तिचा फोन आला तेव्हा घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी सांगितलं. घसा, ऑपरेशन, मंगळवार, सगळं सांगितलं. तीन वाक्यांत झालं. चार आठवडे जे जमत नव्हतं त्याला अर्धं मिनिट पुरलं.

"मंगळवारी झालं, आणि मला आज सांगताय?"

"खारू, मी तुला लिहून कळवलं होतं. दोनदा."

"काय लिहून कळवलं होतंत?" ती म्हणाली, आणि मग तिला समजलं. "बाबा... ती गोष्ट?"

"तुला माझी रीत माहीत आहे, म्हणून मला वाटलं..."

तिने फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी ती आली. खोलीत तीन खाटा होत्या, माइकबाईंची खिडकीजवळची. गळ्याला पट्टी, नळी, आणि मांडीवर नर्सने दिलेली पुसता येणारी पाटी. खारूने बॅग दारातच टाकली आणि आईच्या कुशीत शिरली. ती मोठ्याने रडली. आई रडली त्याचा आवाज आला नाही, नुसती खांद्यांची हालचाल दिसली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या आजी कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मग खारूने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पहिलं पाकीट, आपण लावलेला अर्थ, दुसरं पाकीट. तिने पहिला खर्डा बॅगेतून काढला आणि दुसरा बापाकडून मागून घेतला. लेखकरावांनी तो दिला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना वाटत होतं बायको पाटी फेकून मारेल, आणि ती मारती तर बरं झालं असतं. बायकोने चष्मा लावला आणि वाचायला लागली. नवऱ्याचं लिखाण तिने कधी छापून यायच्या आधी वाचलं नव्हतं. तासभर वाचत होती. फोनच्या प्रसंगाशी आली. कथेतली आई लेकीशी बोलते ते दीड पान तिने दोनदा वाचलं. मग खारूकडे हात पसरून पेन्सिल मागितली.

त्या दीड पानावर तिने वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली. स्टँडच्या फळ्यावर रद्द झालेल्या गाडीच्या नावावर मारायची तशी. मग पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. वाणसामानाच्या यादीपलीकडे जिने जन्मात काही लिहिलं नाही, ती बाई डाव्या हाताने आडोसा धरून लिहीत होती. मध्ये नर्स औषध देऊन गेली. जेवणाचं ताट आलं आणि झाकलेलंच राहिलं. पान भरलं, समास भरला, मग ती कागद फिरवून आडवं लिहायला लागली.

लिहून झाल्यावर तिने ते खारूच्या हातात दिलं. खारू खिडकीपाशी गेली आणि वाचायला लागली. मध्येच ती खुदकन हसली. मग तिने तोंडावर हात दाबला आणि खाली बसली. बऱ्याच वेळाने उठून तिने कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवली.

लेखकराव पुढे आले. इतकी वर्षं घरातला प्रत्येक लिहिलेला कागद त्यांच्या हातून गेला होता. "मला...?" ते म्हणाले. त्यांनी हात पुढे केला होता, अगदी फोनसाठी केला होता तसाच.

बायकोने पाटी घेतली. लिहून त्यांच्याकडे वळवली. "तुमच्यासाठी नाही."

"अगं, मी घाबरलो होतो," ते म्हणाले. "मला बोलता येईना."

तिने त्यांच्याकडे बघितलं. गळ्यावरच्या पट्टीला एकदा हात लावला. पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "घरी जा. लिहा."

ते गेले. भांडायचं, पाया पडायचं, निदान दाराशी बसून राहायचं, यातलं काही त्यांच्याने झालं नाही. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. तिसऱ्या स्टॉपाच्या आत पहिलं वाक्य सुचलं, आणि लाज वाटावी इतकं चांगलं सुचलं. घरी पोचेपर्यंत दोन पानं मनात तयार होती, आणि त्यांना बरंही वाटायला लागलं होतं. टेबलाशी बसून त्यांनी भराभर लिहिलं, डॉक्टर, प्लास्टिकचा घसा, तीन रविवार. मग आई पान उलटं करून लिहायला लागते तिथे आले. पुढे त्या कागदावर काय लिहिलंय ते यायला हवं होतं. त्यांनी एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. दुसरं लिहिलं आणि खोडलं. लेक कशाला हसली असेल तेही त्यांना सुचेना. चाळीस वर्षं एका घरात तिचं बोलणं ऐकलं, तरी ती लेकीला काय म्हणाली असेल याचा एक शब्द त्यांना सांगता येत नव्हता. ती कथा अजून टेबलावर तिथेच अडलेली आहे.